बिडाचं की पायपाचं

"हात तरी लावून बघा काकू, कसलं देखणं आहे!" असं म्हणून शर्वाणीनं ते मॅनिफोल्ड दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं केलं.

देखणं होतंच. चकचकीत स्टीलच्या चार नळ्या केळ्याच्या फणीसारख्या एका अंगाला वळून पुढं एका तोंडाला मिळाल्या होत्या. वेल्डिंगची रेघ अशी, की एखाद्या बाईनं निवांत बसून साडीला फॉल लावावा. परदेशातून खोक्यात, कापसात गुंडाळून आलं होतं.

"माझ्या लग्नातल्या दागिन्यांना एवढी चमक नव्हती," मी म्हणाले. "पण हे इंजिनाला बसवायचंय का गळ्यात घालायचंय?"

बाकावर दुसरं पडलं होतं. बिडाचं. शिरोलीच्या मगदूमांनी त्यांच्या फौंड्रीत ओतलेला नमुना. काळं, खरबरीत, ठेंगणं आणि जड. अंगणात पडलं असतं तर एखाद्यानं त्याच्यावर नारळ फोडला असता.

इंजिनातून निघणारा जळका वायू ज्या वाटेनं टर्बोकडे जातो ती वाट म्हणजे हे मॅनिफोल्ड. त्या वायूच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. शर्वाणीच्या पांढऱ्या हॅचबॅकला आम्ही टर्बो बसवत होतो. कोकणातून वर येणाऱ्या एका घाटात गाड्यांची चढाईची शर्यत होती आणि तिला त्यात उतरायचं होतं. तिच्या गाडीला बिडाचं बसवायचं की पायपाचं, यावर सकाळपासून आमच्या गॅरेजात जुंपली होती.

"पायपाचंच बसवायचं," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा, रंगराव लोहार. सगळं उद्यमनगर त्यांना मिस्त्री म्हणतं, मग मीही म्हणते. नाव घ्यायचं होतं ते लग्नात उखाण्यात घेऊन झालं.

"मिस्त्री, तुम्हीच शिकवलंय मला," मी म्हणाले. "घाटात वळणावर गाडी मरते, इंजिनाचा जोर बसतो. वळण सुटलं की टर्बोनं लगेच उठायला पाहिजे. बिडाचं आखूड असतंय, म्हणून टर्बो लगेच उठतो. पायपाचं ताकद देतं ते इंजिन भरधाव फिरायला लागल्यावर, सरळ रस्त्याला. घाटात सरळ रस्ता कुठला आणणार? शिवाय टर्बोचं सगळं वजन ह्या बारीक नळ्यांवर लोंबणार. तापणार, निवणार, हादरे खाणार. वेल्डिंगचा एक टाका उसवला की बॉनेटखाली जाळ."

"झालं?"

"झालं."

"पायपाचंच बसवायचं," ते म्हणाले आणि फडक्याला हात पुसत गाडीखाली गेले.

शर्वाणी हसायला लागली. खर्डेकरांची ही पोरगी वडिलांच्या ट्रॅक्टरच्या एजन्सीत बसायची, आणि एरवी तिचा मुक्काम आमच्याकडे. "काकू, घरी आईबाबा भाजीवरून भांडतात. तुमच्याकडे निदान काहीतरी शिकायला मिळतं."

ती हसत होती, मला मात्र हसू येत नव्हतं. मागच्या हंगामात आमच्याकडून गेलेल्या सांगलीच्या एका गाडीचं पिस्टन भर शर्यतीत वितळलं होतं. पेट्रोलात भेसळ होती, असं मिस्त्रींनी सांगितलं आणि मालकानं ते मान डोलवून ऐकलंही. पण पुढची गाडी त्यानं पुण्याला नेली. त्याच्यामागून बाकीचेही गेले. शर्यतीची एकच गाडी आता आमच्या दारात उभी होती, तीही केवळ ह्या पोरीचा जीव आमच्यावर होता म्हणून. हिच्या गाडीलाही काही झालं असतं तर आम्ही स्कूटरची पंक्चरं काढत बसलो असतो. आणि घाटात, एका अंगाला दरी असताना गाडीनं पेट घेतला असता, तर पंक्चरं काढायलाही तोंड राहिलं नसतं.

म्हणून मी हट्टाला पेटले होते. ते कशासाठी पेटले होते, ते मला कळत नव्हतं. वीस वर्षं हा माणूस नखरेल सामानाला हसत आला होता. आता म्हातारपणी चमकीचं खूळ?

शेवटी शर्वाणीनंच तोड काढली. "काका, पायपाचं तर इथंच आहे. बिडाचं हे नुसतं नमुन्याला आलंय. तुम्ही दोघं फौंड्रीत जाऊन त्यातलं एक चांगलं निवडून आणा. मग दोन्ही समोर ठेवून ठरवू. गाडी माझी आहे, शेवटचं मत मी देणार."

"जातो की," मिस्त्री गाडीखालून म्हणाले. "मालन, चहा ठेव. आणि चहा घेऊन इथं थांब जरा, इंजिन चालू करतोय."

ही त्यांची अलीकडची सवय. इंजिन चालू करायचं झालं की त्यांना चहा लागायचा, आणि कपबशी घेऊन मी समोर उभी लागायची.

*

फौंड्रीत गेलं की आधी वाळूचा वास येतो, जळक्या, गुळमट वाळूचा. भूपाल मगदूमांनी आमच्यासाठी मॅनिफोल्डं ओळीनं मांडून ठेवली होती.

"या मिस्त्री! या वहिनी! अजून एकाला हात लावलेला नाही, तुमची वाट बघत होतो."

मगदूमांकडे हा रिवाजच होता. ओतून निघालेलं बीड वरून चांगलं दिसलं तरी आत कुठंतरी पिचलेलं असू शकतं. मग ते उचलून धरायचं आणि हातोडीनं हळूच वाजवायचं. धड असेल तर खणखणीत वाजतं, पिचलं असेल तर बद्द. पाणी भरायच्या घागरीला आपण वाजवून बघतो तसंच. हे काम मगदूमांचे कामगारही करायचे, पण मिस्त्री आले की हातोडी त्यांच्या हाती द्यायची. ते डोळे मिटून वाजवायचे, वाईट तेवढं बाजूला काढायचे आणि कामगार कौतुकानं बघत उभे राहायचे. देवळात घंटा वाजवून आल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पहिलं वाजवलं, ठेवलं. दुसरं वाजवलं, ठेवलं. तिसरं उचलून वाजवलं आणि माझे दात आंबले. बद्द. फुटक्या मडक्यासारखं.

"हे द्या," मिस्त्री म्हणाले. "हे झकास आहे."

जवळ वाळू चाळणारा माणूस चाळायचा थांबला. मगदूमांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"मिस्त्री, थट्टा करताय काय गरिबाची? पुन्हा एकदा वाजवा की."

मिस्त्रींनी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच, बद्द. वाजवताना ते हातातल्या बिडाकडं बघत नव्हते. आमच्या तोंडांकडं बघत होते. एकेक तोंड वाचत होते. आणि मग त्यांना जे कळायचं ते कळलं.

"थट्टाच," ते मोठ्यानं हसले. "म्हटलं बघावं, तुमच्या माणसांचे कान जाग्यावर आहेत का! मालन, घे हातोडी. आज तू काढ. शिकवलंय ते कामाला येऊ दे."

सगळे हसले. मगदूमही हसले, जरा उशिरा. मी एकेक वाजवत गेले. कान चोख होते. त्यातलं एक असं वाजलं, की आवाज विरल्यावरही बोटांत राहिला. तेच घेतलं.

*

परतीच्या वाटेवर, पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं रसाचं गुऱ्हाळ आहे. तिथं मी व्हॅन थांबवायला लावली. रस आला. मिस्त्रींनी आल्याचा तुकडा काढून टाकला आणि नदीकडं बघत बसले. मी खुर्ची ओढून त्यांच्या बरोबर समोर बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तोंड वळवून विचारलं असतं तर तुम्हांला ऐकूही गेलं नसतं. म्हणून समोर बसलेय. कधीपासून, मिस्त्री?"

त्यांनी नदीवरची नजर काढून ग्लासावर आणली. मग ग्लासाला बोलावं तसं बोलले.

"माणसं ऐकू येतात. इंजिनाची घरघर येते. बारीक आवाज गेले. आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, उद्यमनगरातल्या चिमण्याच कमी झाल्या. मग इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक गेली. तुझ्या बांगड्या गेल्या. आता आतून आलीस तर तू समोर येईपर्यंत कळत नाही."

जन्मभर ग्राइंडर आणि इंजिनं कानाशी घेऊन काम केलेलं. कापसाचा बोळासुद्धा कधी घातला नाही. कापूस घातला तर इंजिन काय म्हणतंय ते कसं कळणार, म्हणायचे.

"आणि नॉकिंग?" मी विचारलं.

टर्बोची गाडी जुळवताना सगळा खेळ ह्या एका आवाजाचा असतो. ठिणगीचं टायमिंग थोडं पुढं ढकललं की गाडीला ताकद येते. जास्त झालं की इंजिन आतून तडतडायला लागतं, तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखं. ती तडतड ऐकून तिथल्या तिथं मागं यायचं. नाही आलं तर पिस्टन वितळतं.

"नॉकिंग नाही येत," ते म्हणाले.

"मग एवढ्या गाड्या केल्या त्या कशा?"

"तुझ्या कपाळावरून."

"काय?"

"नॉकिंग सुरू झालं की तुझ्या कपाळाला आठी पडते. तुला माहीत नाही. चहा घेऊन उभी असतेस, तोंडानं बोलत असतेस भलतंच, धुण्याबद्दल, गॅसच्या नंबराबद्दल. आणि मधेच आठी. मी टायमिंग मागं घेतो. आठी गेली, की झालं."

मला हसावं की त्यांच्या डोक्यात रस ओतावा, कळेना. किती चहा केले मी! आणि मला वाटत होतं, नवऱ्याला आताशा आपली सोबत आवडायला लागलीय.

"आणि सांगलीची गाडी?"

"ती केली तेव्हा तू माहेरी गेली होतीस. तुझ्या भाचीच्या बाळंतपणाला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पेट्रोलात काही नव्हतं, मालन. खोटं बोललो मी."

मोठ्या रस्त्यावरून उसाची गाडी गेली. ती गेल्यावर ते पुन्हा बोलायला लागले.

"बीड सगळं पोटात ठेवतं. पायपाचं मॅनिफोल्ड बोलतं. पातळ असतंय ना, चारही सिलिंडरांचा आवाज वेगवेगळा बाहेर टाकतं, घुमवतं. तेवढं अजून मला येतंय. म्हटलं, तुझ्या कपाळावर किती दिवस गॅरेज चालवायचं? एक शेवटची गाडी आपल्या कानानं करू आणि शटर ओढू."

"पण पायपाचं घुमलं तरी नॉकिंग ऐकू येणार होतं का?"

त्यांनी ग्लास बोटानं पुढं सरकवला.

"आणि घाटात ती पोर असणार आहे. आपण नाही."

"कळतंय गं," ते म्हणाले. "सकाळपासून तेवढंच कळतंय."

"मग तिला सांगा. मी नाही सांगायची. तुम्ही सांगा. आणि सांगलीलाही."

सांगलीला त्यांनी गुऱ्हाळावरूनच फोन लावला. मी जरा लांब जाऊन उभी राहिले. ते परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाला?"

"शिव्या घातल्या. भरपूर. एकेक स्पष्ट ऐकू आली." मग व्हॅनचं दार उघडता उघडता म्हणाले, "इंजिन घेऊन ये म्हटलंय. बांधून देतो."

*

शर्वाणीला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. गॅरेजात, उभ्यानं, दोन्ही हात मागं बांधून, शाळेत तपासनिसापुढं उभं राहावं तसं. काही लपवलं नाही. आठीचंही सांगितलं.

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. स्कूटरची किल्ली बोटात फिरवत ती गाडीला एक चक्कर मारून आली.

"काका, ह्या गाडीत मी बसते," ती म्हणाली.

"व्हय."

"तुम्हांला आधी सांगता आलं असतं."

"व्हय, बाळ. सांगायला पाहिजे होतं."

"पुण्याला नेऊ का आता? तुम्हीच सांगा. खरं सांगा."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं नाही. माझं कपाळही बघितलं नाही. "पुण्याच्या गॅरेजातला पोरगा चांगला आहे," ते म्हणाले. "त्याच्याकडं मशीन आहे, कानही आहेत. नेलीस तर मी वाईट मानणार नाही. पण ठेवलीस तर बिडाचं बसवायचं. आणि ऐकायचं मालननं. नुसतं कपाळानं नाही. शेजारी बसून, तोंडानं सांगून. तिचा कान माझ्या ऐन उमेदीतल्या कानापेक्षा चांगला आहे. हे मी तिला कधी बोललो नाही, म्हणून तुझ्यादेखत बोलतोय."

एवढं बोलून ते गाडीखाली गेले, खरं तर गाडीखाली काही काम नव्हतं.

शर्वाणी माझ्याजवळ आली. "काकू, जमेल?"

"चहा नाही करायला लागला तर जमेल," मी म्हणाले.

तेव्हा ती हसली. ते देखणं पायपाचं मॅनिफोल्ड तिनं पुन्हा कापसात गुंडाळलं, खोक्यात घातलं. "विकून टाकते. कुणीतरी सरळ रस्त्यावरचा भेटेल."

मग मिस्त्रींच्या अंगात वारं शिरलं. बिडाचं मॅनिफोल्ड त्यांनी आतून घासून घासून गुळगुळीत केलं. तांब्याची एक नळी घेतली, तिचं एक टोक ठोकून चपटं केलं आणि इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती डॅशबोर्डच्या आतून बाहेर काढून तिला डॉक्टरांच्या कानातल्या नळ्या जोडल्या. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची जुना मोडका स्टेथोस्कोप मागून आणला होता. जन्मभर त्यांनी इंजिन स्वतःच्या कानानं ऐकलं होतं; हे पहिलं साधन दुसऱ्याच्या कानाच्या मापाचं.

कागलच्या बाजूला, रिकाम्या रस्त्यावर आम्ही गाडी जुळवायला नेली. शर्वाणी चालवायला, तिच्या शेजारी मी कानात नळ्या घालून, मागं मिस्त्री, टायमिंग पुढं-मागं करायला मांडीवर लॅपटॉप घेऊन. तो चालवायला त्यांना शर्वाणीनंच शिकवलं होतं आणि ते एका बोटानं, विंचवाला डिवचावं तसे त्याला डिवचायचे.

"दाब," ते म्हणाले.

शर्वाणीनं दाबलं. पाठ सीटला चिकटली. माझ्या कानात सगळं इंजिन उतरलं.

"सांग."

"काय सांगू?"

"काय ऐकू येतंय ते. सगळं सांग."

मी आयुष्यात असं काही सांगितलं नव्हतं. "जात्याची घरघर आहे," मी म्हणाले. "जात्यात ज्वारी आहे, गहू नाही."

"बरं. म्हणजे बरोबर चाललंय. शर्वाणी, अजून."

"आता शिट्टी. बारीक, वर चढत चाललीय. कुणीतरी लांबून सूर धरल्यासारखी."

"टर्बो," ते पुढं वाकून म्हणाले. "टर्बो तो. अजून चढतोय?"

"चढतोय. चढतोय. मोहरी! मिस्त्री, मोहरी तडतडली!"

"सोड!" ते ओरडले. शर्वाणीनं पाय काढला. मागं एका बोटाची टकटक. "आता पुन्हा."

असं आम्ही दुपारभर केलं. माझ्याकडचे शब्द संपत आले. स्वयंपाकघर संपलं, मग शेत, मग देऊळ. त्यांनी एकालाही हसून दाखवलं नाही, प्रत्येकावर विचार करायचे, विचारायचे, "मोहरी का जिरं?" आणि मला फरक सांगता यायचा.

*

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी आम्ही दोरीच्या अलीकडं उभे होतो. पुण्याच्या गॅरेजचे लोक नव्या टोप्या घालून आले होते. सांगलीवालाही होता. मिस्त्रींना बघून तो जवळ आला. नमस्कार केला नाही, पण म्हणाला, "इंजिन पुढच्या आठवड्यात आणतो." मिस्त्रींनी नुसती मान हलवली.

निशाण पडलं आणि पांढरी गाडी सुटली. पहिलं वळण आम्हांला दिसत होतं. गाडी आत शिरली, मेली, आणि वळण सुटताच बिडाच्या त्या ठेंगण्या तुकड्यानं टर्बोला असा उठवला, की दोरीपाशी उभी असलेली पोरं ओरडली. मग गाडी झाडीआड गेली. दिसायची बंद झाली. आता नुसता आवाज.

"सांग," मिस्त्री म्हणाले.

"दुसऱ्या वळणाला आली. गिअर खाली टाकला. टर्बो उठला. लगेच उठला, मिस्त्री."

"तडतड?"

"नाही. जातं फिरतंय." मी मान वर करून, डोळे मिटून ऐकत होते. "आता थोडं सरळ आहे. मोठं वळण आलं वाटतं. मेली. मेलीय अजून... उठली! जोरात उठली."

"मग?"

"लांब गेली. बारीक झालीय. शिट्टी ऐकू येतेय नुसती. अजून येतेय. अजून..."

दरीतून वारा आला, झाडांची सळसळ झाली. मी हात कानामागं धरला. घाटात कुठंच काही नव्हतं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता मलाही काही येत नाही ऐकू."

मिस्त्रींनी माझ्या कपाळाकडं बघितलं, आठी नव्हती, आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरलं.

"मग पोचली वर," ते म्हणाले.